उमरे सरनं बोलून घेतलं

आमच्या कामात हातपाय कमी अन् बूड जास्त लागते. मशीन एकदा पॉइंटवर मांडली का तिले हलवाची नाई, तिले हात लावाचा नाई, तिच्यापुढं नाचाचं नाई. वरून सॅटेलाइटचे सिग्नल येत राहतात अन् खाली आमी बसून राहतो. तासन्‌तास. अशा बसण्यात किस्से नाई जमतीन तं काय जमन? गवतातून चाललं का पँटीले कुसळं चिकटतात ना, तसे चिकटतात. एक उपटाले जावं तं चार अजून दिसतात. अन् काई तं अशी आत घुसून बसतात का घरी आल्यावर टोचतात.

मी राहुल. फक्त आई राहुल म्हणते. बाकी दुनिया राड्या म्हणते, काऊन ते समजनच. दहावीत गणितानं मले लोळवलं, अन् आईनं मले आर्वीच्या उमरे सरच्या हवाली केलं. "हाताखाली घ्या सर, नाई तं हा पोट्टा गाव इकून येईन."

उमरे सर सर्व्हेअर. आमच्या जिल्ह्यात गावागावाची नवीन मोजणी होऊन राह्यली, त्याच्या आधीचं काम आमचं. टेकडीवर, रस्त्याच्या कडेले, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सिमेटचा खांब गाडाचा. खांबाच्या डोक्यात पितळी खिळा, खिळ्यावर बारीक फुली. ती फुली पृथ्वीवर नेमकी कुठी हाय हे सॅटेलाइटकून काढाचं. मंग पुढची सगळी मोजणी त्या फुलीवरून. सर म्हणत, "फुली चुकली का गाव चुकलं."

आमी चार जण. सर, मी, सुमो चालवणारे नारायण काका, अन् हिंगणीकडची प्रणाली ताई. ताईनं आयटीआय केलं होतं. ती अन् मी, दोघं शिकाऊ. पण ती शिके अन् मी आऊ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मंधात कोणी विचारसान नाई. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन सरले जिभेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं. त्याच्यानंतर सर बोलू शकतीन का नाई, ते डॉक्टरलेई सांगता येत नोयतं. अन् आमचं शिकणं अजून अर्ध्यावर होतं.

०

पयला किस्सा हे समजाच्या आधीचा.

आष्टीचा बाजार. रस्त्याच्या कडेले आमचा पॉइंट. तिपाईवर मशीन लावली अन् जी गर्दी झाली राजेहो! वांगे इकणारा वांगे टाकून आला. एक जण तं म्हशीसकट आला. सर ओरडून राह्यले, "दूर व्हा, धक्का लागन," पण कोण ऐकते? म्हैस तं बिलकुलच नाई.

सर मले म्हणाले, "राड्या, कायतरी कर बे."

मी खांबाजवळच्या दगडावर उभा राह्यलो अन् मोठ्यानं म्हटलं, "भाऊ, सगळ्यायनं थांबा, काई हरकत नाई! ही मशीन वरच्या सॅटेलाइटले जोडली हाय. खिशात काय काय हाय ते सगळं वर दिसते. अन् तिथून सिद्धं पोलीस स्टेशनले जाते!"

आता आपला जिल्हा तं दारूबंदीचा. तुमाले सांगतो, इतकी सभ्य पांगापांग मी जिंदगीत पाह्यली नाई. कोणाले घरचं काम आठवलं, कोणाले बैल आठवला. एक जण तं खिशावर टोपी धरून गेला. शेवटी उरली फक्त म्हैस. तिले खिसा नोयता.

मी सरकडं पाह्यलं. वाटलं आता पाठ थोपटतीन. सर मशीनकडं पाठ करून उभे, अन् शर्टाच्या खिशातली खर्र्याची पुडी काढून कमरेच्या पट्ट्यात खुपसून राह्यले!

"सर, तुमी बी?"

"गप बे," सर म्हणाले, "काय सांगता येते!"

०

सरची तब्येत आमाले सरनं नाई सांगितली. तर्रीनं सांगितली.

आर्वी रोडवर एक टपरी हाय, तिथं आमी रोज सकाळी पोहे खात होतो. सरच्या पोह्यावर इतकी तर्री राहे का पोहे शोधा लागत. त्या दिवशी सर म्हणाले, "मले कोरेच दे."

टपरीवाल्याच्या हातातला झारा तसाच राह्यला. नारायण काका म्हणाले, "उमरे, देव सोडजो पण तर्री सोडू नको. काय झालं तुले?"

"झोंबते."

प्रणाली ताईनं चमचा खाली ठेवला. "सर, तोंड उघडा."

"ताई, पोहे खा."

"उघडा म्हटलं ना!"

सरनं उघडलं. दोन बोटं जातीन इतकंच उघडलं. ताईनं मंधात काय पाह्यलं ते तिनं आमाले सांगितलं नाई. ती उठली अन् सुमोत जाऊन बसली. तिच्या आजाले बी असंच झालं होतं, हे मंग समजलं.

मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्यावर सरनं गाडीतच सांगितलं. समोर रस्त्याकडं पाहून. "जिभेचा भाग काढतीन. बोलणं राह्यलं तं राह्यलं." मंग जराशानं म्हणाले, "दिवाळीपर्यंत सवड हाय. तोवर बोलून घेतो. तुमी ऐकून घ्या."

मले असं गंभीर झालेलं जमत नाई, तोंडातून निंगूनच जाते. मी म्हटलं, "सर, पण तोंडात खर्रा धरून तुमी आतापर्यंत कुठी बोलत होते? तुमाले तं फरकच नाई पडन!"

ताईनं मले असा चिमटा काढला का आठ दिवस निळं होतं. काकानं ब्रेकच मारला.

अन् सर हसले. इतके हसले, इतके हसले, का जबडा धरून बसले. "याले," म्हणाले, "याले सगळ्यात आधी शिकवतो. हाच जास्त बिघडला हाय."

०

अन् मंग सर सुटले ना भाऊ!

जो माणूस दिवसभरात "हं", "नाई" अन् "तिपाई सपाट कर, बुडबुडा मंधात घे" यवढंच बोले, तो सकाळी गाडीत बसल्यापासून चालू. टिनाच्या छपराजवळ पॉइंट काऊन घेऊ नये. निंबाच्या झाडाखाली काऊन घेऊ नये. मशीनच्या अँटेनाले मोकळं आभाळ काऊन लागते. तिपाईचे पाय भुसभुशीत काळ्या मातीत कसे रोवाचे, का दुपारी ऊन लागल्यावर ती बसणार नाई. सगळं.

मी एकदा विचारलं, "सर, एका सॅटेलाइटनं काऊन भागत नाई?"

सर म्हणाले, "एकानं तुले पाह्यलं का राड्या तिकडं दिसला, तं ती अफवा. चार जणांनी चार बाजूनं पाह्यलं तं तू सापडला. पोलीस बी असंच करतात."

हे मी मेल्यावर बी विसरणार नाई. शाळेत असं कोणी सांगितलं असतं तं मी तिथं दोन वर्षं अजून बसलो असतो.

मंग माणसायचं शिकवणं. "वावरात कोणी पाणी देल्लं तं तहान नसली तरी पेजो. पाणी नाई म्हटलं का खांब उपटतात." "लोकं विचारतीन, माह्या धुऱ्याचं काय? सांगजो, आमी धुरा नाई पाहत, आमी फक्त फुली पाहतो. ते पटत नाई त्यायले. तरी सांगजो."

सर बोलत, अन् मंधात थांबून गालावर हात दाबत. दुखत होतं. आमी खिडकीबाहेर पाहत राहो. हात खाली आला का पुन्हा चालू.

प्रणाली ताईनं एक दिवस हळूच मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. सरनं पाह्यलं. "बंद कर."

"काऊन सर? मंग ऐकता येईन."

"रेकॉर्डिंग असलं का माणूस ऐकत नाई. म्हणते, हाय ना फोनमंधी."

ताईनं बंद केलं. नारायण काका गाडी चालवता चालवता म्हणाले, "उमरे, तू बोल, पण जरा मजेदार बोल लेका. तुह्या अँटेनानं मले झोप येऊन राह्यली, चौघं संगच जाऊ!"

सर म्हणाले, "चाल्ते. मंग ऑपरेशनची झंझट नाई."

०

रोहण्याचा किस्सा.

तिथं आमी गावाबाहेर खांब गाडून गेलतो. पंधरवड्यानं मशीन घेऊन आलो, तं खांब दिसेच ना. तिथं देवी बसली होती! हळद, कुंकू, हार, नारळाच्या करवंट्या, अन् डोक्यावर शेंदूर फासलेला गोटा. आमचा पितळी खिळा, त्याच्यावरची बारीक फुली, सगळं त्याच्या खाली.

एक बाई आरतीचं ताट घेऊनच आली. खांब गाडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिची गाय इली होती, वासरू झालं होतं. खांबाच्या पाटीवर आमचा नंबर लिवला होता, तो तिले मंत्र वाटला. ती म्हणे, "गोटा हालवाचा नाई. कोप होईन."

मी ताईच्या कानात म्हटलं, "आता गाईलेच विचारा, पॉइंट कुठी हाय."

सर पुढं झाले. चप्पल काढली. हात जोडले. म्हणाले, "बाई, ही देवी वर पाहणारी हाय. तिचं सगळं ध्यान आभाळात राहते. डोक्यावर गोटा ठेवला तं तिले दिसन कसं? हळद-कुंकू बाजूनं लावा, हार गळ्यात घाला. फक्त डोकं उघडं ठेवा."

बाईनं विचार केला. पटलं. पदरानं तिनंच खांबाचं डोकं पुसलं. फुली अशी चमकली का बस!

मी अन् ताई गाडीतून तिपाई आणाले गेलो. परत आलो तं सर खांबापाशी उकिडवे बसले होते. कपाळ खांबाच्या डोक्यावर टेकलेलं. डोळे बंद.

आमी तिथंच थांबलो. ताईनं मले मागं ओढलं, पण माह्या पायाखाली करवंटी वाजली. सर दचकून उठले. कपाळाले हळद लागली होती.

"बुडबुडा पाहून राह्यलो होतो," सर म्हणाले.

अन् तिपाई तं माह्या खांद्यावर होती!

०

सर घरी काय बोलत असतीन, असं आमाले वाटे. आमाले यवढं, तं घरी किती!

दसऱ्याले आमी सरच्या घरी सोनं द्याले गेलो. सर आत कपडे बदलून राह्यले होते. काकू, म्हणजे सरची बायको, चहा घेऊन आल्या अन् माह्याजवळ बसल्या. हळूच विचारते, "काऊन रे राड्या, दिवसभर काय बोलतात हे तुमच्या संग?"

"लय बोलतात काकू! थांबतच नाई."

"असं?" काकू कपाकडं पाहून म्हणाल्या. "घरी येतात तं तोंड दुखून राह्यलं राहते. जेवतात पातळ, अन् झोपतात. माह्यासाठी काईच उरत नाई."

आता याच्यावर मी काय बोलू? मी, ज्याची जीभ मास्तर लोकायले कापावी वाटे! मी चहा पेलो. गरम होता, तसाच पेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमो घरापुढं आली तं काकू तयार. हातात डब्बा, डोक्यावर पदर, छत्री. म्हणे, "आज मी बी येते."

"कुठी?" सर.

"तुमी जिथं बोलता तिथं."

नारायण काकानं खाली उतरून पुढचं दार उघडलं. मंत्र्यासाठी बी उघडत नाई तो माणूस.

त्या दिवशी पॉइंट टेकडीवर होता. आमी मशीन मांडली अन् ताई मले म्हणाली, "चाल, तिकडं वानेरं हाय, पाहून येऊ." वानेरं जिंदगीभर पाह्यले आमी! पण गेलो. दूर पळसाखाली बसून पाहत राह्यलो. छत्रीत दोघं. सरचे हात चाललेले, आभाळाकडं, मशीनकडं, पुन्हा आभाळाकडं. काकू मान वर करून पाहून राह्यल्या, दिवसा तिथं काय दिसणार होतं?

संध्याकाळी उतरताना मी विचारलं, "मंग काकू, काय बोलले सर?"

काकूनं पदरानं नाक पुसलं. "लगन झाल्यापासून पयल्यांदा यवढं बोलले रे बाबा. अन् ते बी सगळं अँटेनावर!"

०

दिवाळी जवळ आली अन् मी राडा केला.

खिळ्यापासून मशीनची उंची टेपनं मोजा लागते. ती सांगितली नाई तं सॅटेलाइटले काय माहीत मशीन जमिनीवर हाय का माडीवर? तं आमच्या टेपचं टोक तुटलं होतं. मी ते गाठ मारून जोडलं, गाठीनं वीतभर टेप खाऊन टाकली, अन् मी तसंच मोजत राह्यलो. अर्धे पॉइंट ताईच्या चांगल्या टेपनं, अर्धे माह्या टेपनं.

ऑफिसातून फोन आला. सरनं स्पीकरवर टाकला. तिकडून आवाज, "उमरे, तुमच्या गावात नाला चढावर चालला हाय. काई चमत्कार वगैरे झाला का?"

सरनं फोन ठेवला. माह्याकडं पाह्यलं. टेप मागितली. गाठ पाह्यली.

अन् मंग जो आवाज लागला! "गधड्या! नालायका! तुले काय शिंप्याच्या दुकानात ठेवला का मी? खाली फुली अन् वर आभाळ, मंधात तूच एक हाय! मंधातलाच खोटा निंगाला तं..."

तिथं सर थांबले. तोंड उघडंच. गालावर हात गेला. डोळ्यात पाणी आलं, रागाचं नाई, दुखण्याचं. पुढचा शब्द येईच ना. सरनं हातानं पुढचं सांगितलं. टेपकडं बोट, माह्याकडं बोट, कपाळाले हात, मंग हवेत एक लांब रेघ, अन् मंग हात तसाच लोंबला.

मी शिव्या खाण्यात हुशार हाय. शाळेत, घरी, पोळ्याच्या दिवशी चौकात, सगळीकडं खाल्ल्या. कधी वाटे लवकर संपाव्या, कधी मंधातच पळून जावं. त्या दिवशी पयल्यांदा वाटलं, पुऱ्या द्या सर. एक बी ठेवू नका.

सगळे पॉइंट पुन्हा केले. मी केले. टेप नवीन. सर सुमोत बसून पाहत होते. प्रत्येक पॉइंटले मी ओरडून उंची सांगे, अन् ते बोट वर करत.

०

ऑपरेशन झालं. आमाले भेटू देल्लं तेव्हा सरच्या नाकात नळी होती, गळ्याले पट्टी, अर्धा चेहरा सुजलेला. मी ओळखलं ते पायावरून. चपलेचा डाग उन्हानं पायावर छापला होता, सर्व्हेवाल्यायचा असाच राहते.

नारायण काका पुढं झाले. वाकले. अन् सरच्या कानाशी तोंड नेऊन असे ओरडले का वार्डातले सगळे उठून बसले. "उमरेऽऽ! बरं हाय नाऽऽ!"

सिस्टर पळत आली. "अहो काका! जीभ काढली त्यांची, कान नाई!"

सरचं पोट हलाले लागलं. हसून राह्यले होते. सिस्टर म्हणे, "हसवू नका, टाके हाय!" मंग तं सरले अजूनच हसू येई. काकू एका हातानं सरचा हात धरून, दुसऱ्या हातानं आमाले बाहेर ढकलून राह्यल्या, अन् स्वतः बी हसून राह्यल्या, रडून बी राह्यल्या.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "राड्या, तू आज काईच बोलला नाई."

"काका बोलले ना," मी म्हटलं, "सगळ्यायचं."

०

आता शेवटचा. उन्हाळा लागत होता. सर पुन्हा कामावर आले. गळ्याले गमछा, डब्यात पातळ पेज. डॉक्टर म्हणाले होते शब्द आता येणार नाई. सर जरासा आवाज काढू शकत, पण तो त्यायले स्वतःले आवडत नोयता, म्हणून काढत नोयते.

हिंगणीच्या पुढं, बोरच्या जंगलाच्या कडेले, दोन चुलत भावायच्या धुऱ्यावर पॉइंट होता. मशीन मी मांडली. बुडबुडा मी घेतला. उंची मी मोजली, दोनदा. सर फक्त उभे होते.

तेवढ्यात दोघं भाऊ आले. दोघायचे घरचे, पोरंसोरं, अन् एक म्हातारी काकू, दोघायची. अन् सुरू!

"हा खांब माह्या वावरात काऊन गाडला?"

"तुह्या? तुह्या बापानं धुरा सरकवला तवापासून का?"

"बापावर जाऊ नको बे!"

"जाईन! काय करशीन?"

मी म्हटलं, "दादा, आमी धुरा नाई पाहत, फक्त फुली पाहतो." जसं शिकवलं तसं. पटलं नाई. ढकलाढकली चालू झाली, तिपाईपासून हातभर. मोठा भाऊ सरपुढं येऊन उभा राह्यला. "तुमी साहेब ना? तुमी सांगा! कोणाच्या वावरात हाय?"

सर त्याच्याकडं पाहत राह्यले.

"बोलत काऊन नाई? त्याच्या घरचा चहा पेऊन आले का?"

ताईनं माह्याकडं पाह्यलं. मी काई ठरवलं नोयतं, तोंडातून निंगालं. "दादा, सायबाचं मौन हाय."

आता आपल्या इकडं मौन म्हटलं का माणसाले समजवा लागत नाई. आश्रमवाले, मौनवाले लोकं पाह्यलेले राहतात. मोठ्या भावाचा हात जिथं होता तिथंच राह्यला. मंग त्यानं टोपी काढली. लहान्या भावानं पायातली चप्पल काढली. बायकायनं पोरायच्या तोंडावर हात ठेवले.

अन् सगळे बसले. एक धुऱ्याच्या इकडं, एक तिकडं. मशीन चालू. जंगलातून वारा येई, सागाची सुकी पानं वाजत. कोणी चकार शब्द नाई. लहान्या भावाच्या बायकोनं पाण्याचा गुंड आणला, सरले देल्लं, मले देल्लं, ताईले देल्लं, अन् मंग धुरा ओलांडून मोठ्याच्या पुढं धरलं. त्यानं हातानं खूण केली, आधी म्हातारीले दे. तिनं देल्लं. सगळं हातानंच.

पूर्ण वेळ झाला. मशीन वाजली. मी बंद केली. तरी कोणी बोलेना. आपलं भांडण कुठी थांबलं होतं, तेच दोघायले आठवत नसन.

म्हातारी काठी टेकत उठली. सरपाशी आली. हळू आवाजात मले विचारते, "कदी सुटते रे बाबू, सायबाचं मौन?"

ताई तिपाईचा पट्टा आवळून राह्यली होती. आवळलेलाच होता, तरी आवळत राह्यली.

म्हातारीनंच मंग सरचा हात धरला. "जवा सुटन तवा सुटन," ती म्हणे. "पण पयला शब्द इथं येऊन बोलजा हो साहेब. आमच्या धुऱ्यावर. दोघायच्या घरून चहा येईन, मी सांगते यायले."

सरनं दोन्ही भावायकडं पाह्यलं. मंग म्हातारीकडं.

अन् मान हलवली. हो म्हणे.